कांद्याबरोबर भरवसाही पाठवावा लागतो

न्हावाशेव्याला कंटेनरचं सील तोडून दार उघडलं की मालाआधी त्याचा वास बाहेर येतो. मिरची असेल तर चार पावलं मागं सरावं लागतं, कच्चं चामडं असेल तर नाकाला रुमाल लागतो. २०२५ च्या पावसाळ्यात तपासणीच्या शेडमध्ये मात्र मला अनोळखी वास आला. ताग मऊ करायला जे तेल लावतात त्याचा, रॉकेलच्या जवळ जाणारा. आत बांगलादेशातून आलेल्या तागाच्या सुताच्या गाठी होत्या. सव्वीस वर्षं मी कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, पण हा माल मी इथे क्वचितच पाहिला होता. कागद उलटून पत्ता वाचला. माल जायचा होता हुगळीकाठच्या एका गिरणीत.

पेट्रापोल-बेनापोलचा नाका कोलकात्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. सीमेपलीकडच्या गोदामातून निघालेला ताग त्या नाक्यानं गिरणीच्या दारात जाऊ शकतो, वर्षानुवर्षं तसाच जात होता. त्याऐवजी हा माल चट्टग्रामला जहाजावर चढला, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून अरबी समुद्रात आला, इथे उतरला आणि आता देश आडवा ओलांडून जवळजवळ २,००० किलोमीटर परत पूर्वेला निघाला होता. जहाजाचं भाडं, कंटेनरचं भाडं, बंदराचे आकार, आमची फी, मग ट्रेलर. हा सगळा खर्च शेवटी गोणपाटाच्या किमतीत बसतो. या वळशामुळे माझ्यासारख्याला काम मिळालं, हे मी आधीच सांगून टाकतो. तरीही तो वळसा चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि का ते सविस्तर सांगायला हवं.

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीनांचं सरकार कोसळलं आणि दिल्ली-ढाका संबंध बिनसले. ८ एप्रिल २०२५ ला भारतानं बांगलादेशची ट्रान्सशिपमेंटची सवलत काढून घेतली. २०२० पासून या सवलतीमुळे त्यांचा निर्यातीचा माल आपल्या भूमार्गानं आपल्याच बंदरांवर आणि विमानतळांवर येऊन तिसऱ्या देशाला जात असे. त्याच महिन्यात बांगलादेशनं भारतीय सुताची भूमार्गानं होणारी आयात थांबवली. १७ मे रोजी आपण आदेश काढला की बांगलादेशी तयार कपडे कुठल्याही जमिनीवरच्या नाक्यानं येणार नाहीत, आले तर फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतून. २७ जूनला ताग आणि तागाच्या अनेक वस्तूंसाठी तर एकटं न्हावाशेवा उरलं. ऑगस्टमध्ये त्या यादीत पोती आणि दोरही गेले.

तागाबाबत आपल्या शेतकऱ्यांची आणि गिरण्यांची तक्रार जुनी आहे. तिकडून स्वस्त माल येतो आणि इथला भाव पाडतो, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच २०१७ पासून त्या मालावर अँटी-डम्पिंग ड्युटी आहे. ती अपुरी वाटत असेल तर वाढवावी, चुकवली जात असेल तर चुकवणाऱ्याला धरावं. ड्युटी किती भरायची हे व्यापाऱ्याला आधी कळतं, तो हिशेब करतो आणि ठरवतो. रातोरात रस्ताच बदलला की त्याचा हिशेबच मोडतो. आणि तो एकदा मोडला की आपल्याशी व्यवहार करताना प्रत्येक वेळी तो मनात एक जादा धोका धरतो.

भूमार्ग आधीच काही सुरळीत नव्हता. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात पेट्रापोल-बेनापोलचा नाका ओलांडायला ट्रकच्या मालाला १३८ तास लागतात असं नोंदलं आहे. त्यातले २८ तास नुसते एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरण्याचे. पूर्व आफ्रिकेत तेवढीच वर्दळ असलेले नाके सहा तासांच्या आत ओलांडून होतात. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी जून २०१५ मध्ये थिंपूला मोटार वाहन करार केला तो हा त्रास संपवण्यासाठीच. भूतानच्या संसदेत तो अडला, त्याच्या छोट्या रस्त्यांवर चहूकडून ट्रक येतील ही भीती समजण्यासारखीच होती. बाकी तिघांचंही घोडं नियमांपाशी अडून राहिलं. सार्कचं तर नावच राहिलं आहे. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर बैठक झालेली नाही. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. आग्नेय आशियात हाच आकडा पंचवीसच्या घरात आहे.

पण आकड्यांपेक्षा मला कांद्याबद्दल बोलायचं आहे. ताग मुंबईला परका आहे. कांदा आपला आहे, आणि त्यात आपण स्वतः काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

१४ सप्टेंबर २०२० ची संध्याकाळ मला नीट आठवते. कोलंबोला जायचे सहा कंटेनर होते, निफाड भागातला उन्हाळ कांदा. कांदाचाळीत चार महिने राखलेला, घट्ट सालीचा, एकसारख्या आकाराचा. शिपिंग बिलं भरून झाली होती, ट्रेलर बंदराच्या रस्त्याला लागले होते. निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि ट्रेलर होते तिथे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी एका कंटेनरच्या दाराच्या फटीतून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. चौथ्या दिवशी दार उघडून पाहिलं तर वरच्या गोण्यांतून हिरवे कोंब जाळीबाहेर आले होते. आधीच कस्टम्सच्या ताब्यात दिलेला माल सोडायची परवानगी नंतर मिळाली, पण तोवर सहांपैकी दोन कंटेनर निम्म्या भावालाही कुणी घेईना. कोलंबोचा व्यापारी फोनवर चिडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की पुढच्या खेपेला अशी वेळ येणार नाही हे मला कुणी लिहून देईल का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१९ ला, अशीच बंदी आली होती. त्यानंतर काही दिवसांत शेख हसीना दिल्लीत आल्या आणि व्यापाऱ्यांच्या सभेत हिंदीत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलं आहे. सभा हसली. पण त्याच बोलण्यात त्यांनी एक साधी मागणी केली होती, की बंद करायचाच असेल तर थोडं आधी कळवत जा, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू. त्या वर्षी बांगलादेशला इजिप्त, तुर्कस्तान, चीन आणि पाकिस्तानातून कांदा आणावा लागला, काही तर चक्क विमानानं. एका गरीब देशानं कांदा विमानानं आणायचा, तोही लासलगाव भूमार्गानं चार-पाच दिवसांवर असताना, ही गोष्ट ढाक्यात विसरली गेलेली नाही.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ८ डिसेंबरपासून पुन्हा बंदी. लाल कांदा बाजारात यायची ती वेळ. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, भाव काही दिवसांत जवळपास निम्म्यावर आले. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, लोकसभेच्या ऐन निवडणुकीत, तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची किमान किंमत ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. २०१९ पासून सव्वाचार वर्षांत तीन बंद्या, मधे शुल्कांचे चढउतार. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं बरीच वर्षं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्यानं यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. स्वतःची लागवड वाढवली, दुसऱ्या देशांतल्या व्यापाऱ्यांशी ओळखी केल्या, आणि आपल्या शेतकऱ्याचा हंगाम सुरू झाला की आता तिकडे आयातीचे परवाने आखडले जातात. संत्र्याचंही तेच. बांगलादेशनं आयात शुल्क २०१९ पासून चार वर्षांत चौपटीवर नेलं आणि वरुड-मोर्शीच्या बागांतली आंबिया बहाराची संत्री झाडाखाली पडून राहिली. राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं.

यावर मुंबईतला माणूस म्हणेल, की कांदा ऐंशी रुपयांवर गेला तर आम्ही काय करायचं? हा प्रश्न मी हलका मानत नाही. माझ्या इमारतीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या घरी कांदा-भाकरी हेच दुपारचं जेवण असतं. पण भाव आवरायचे दुसरे उपाय सरकारकडे आहेत आणि ते वापरलेही जातात. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत लाखो टनांचा राखीव साठा केला जातो. तो योग्य वेळी बाजारात सोडता येतो. शुल्क टप्प्याटप्प्यानं, आधी सांगून वाढवता येतं. चाळीत कांदा सडतो, कोंब येतात, वजन घटतं. ती नासाडी निम्म्यानं कमी केली तरी बंदीची गरज उरणार नाही असं माझं ठाम मत आहे. निर्यातबंदीत मुंबईच्या गृहिणीचे थोडे दिवस थोडे पैसे वाचतात, आणि नाशिकच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

याला पर्याय कुठून आयात करायची गरज नाही. तो आपल्याकडे १९८१ पासून आहे. मालदीवशी त्या वर्षी झालेल्या व्यापार करारात जीवनावश्यक वस्तूंचा वार्षिक कोटा ठरवून देण्याची सोय आहे. तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, कांदा, बटाटा, अंडी, अगदी बांधकामाची वाळूसुद्धा. इतर देशांना बंदी असली तरी कोट्यातला माल जातो. २०२४ च्या सुरुवातीचे दिवस आठवा. मालदीवमध्ये भारतीय सैनिकांना घालवण्याच्या घोषणेवर निवडून आलेलं सरकार, त्यांच्या उपमंत्र्यांची पंतप्रधानांवरची घाणेरडी टीका, इकडे मालदीवच्या सहली रद्द करण्याची लाट. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आपल्याकडे कांद्याची निर्यातबंदी चालू असताना, भारतानं मालदीवचा कोटा मंजूर केला, १९८१ नंतरचा सर्वांत मोठा. ऑक्टोबरमध्ये तेच राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत होते, आणि पुढच्या वर्षी जुलैत मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला आपले पंतप्रधान माले इथे सन्माननीय पाहुणे होते. सगळं श्रेय कांदा-बटाट्याला द्यावं असं नाही, कर्जाची आणि चलनाची मदतही होती. पण ताटातलं अन्न भांडणाच्या बाहेर ठेवलं गेलं, आणि त्यामुळे मागं फिरायला वाट राहिली.

हाच कोटा बांगलादेशनं मागितला होता. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांच्या बैठकीत तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा वर्षाचा आकडा ठरवून द्या, असं त्यांनी म्हटलं होतं. तेव्हा संबंध उत्तम होते. तेव्हा ते लिहून दिलं असतं, तर मार्च २०२४ मध्ये ५० हजार टनांची खास परवानगी काढून एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत कांदा पाठवायची धावपळ करावी लागली नसती. त्या व्यवहारात शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ही वेगळीच तक्रार नाशिककर आजही करतात.

माझ्या ओळखीचे काही जण यावर विचारतात, की ढाक्यातले हसीनांनंतरचे अंतरिम राज्यकर्ते ईशान्य भारताला समुद्र नाही, समुद्राचे राखणदार आम्हीच, असं चीनमध्ये जाऊन बोलणार आणि आपण त्यांना कांदा लिहून द्यायचा? बोलणं चुकीचंच होतं. त्याचं उत्तर राजदूतानं द्यावं, परराष्ट्र मंत्र्यानं द्यावं. ते उत्तर नारायणगंजच्या शिलाई कामगारानं आणि निफाडच्या शेतकऱ्यानं का भोगायचं? लेखी व्यवहार भांडणातही टिकतात याचा पुरावा समोर आहे. नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत भारताच्या तारांवरून बांगलादेशला विकण्याचा त्रिपक्षीय करार ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत झाला, म्हणजे हसीना गेल्यानंतर दोन महिन्यांनी. संबंध सर्वांत वाईट असताना, जून २०२५ मध्ये, ती वीज ठरल्याप्रमाणे वाहू लागली. कुणी स्वीच बंद केला नाही, कारण दर, प्रमाण आणि महिने सगळं कागदावर होतं.

पाकिस्तानचं वेगळं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला ते दहा जण कराचीहून समुद्रानं आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी उतरले. त्या रात्री आमच्या ऑफिसातला एक मुलगा सीएसटीवर होता. तो वाचला, त्याच्या शेजारचा माणूस वाचला नाही. या शहरात राहून मी अटारीचं फाटक उद्या उघडा असं म्हणणार नाही. पहलगामनंतर २ मे २०२५ ला पाकिस्तानी मालावर पूर्ण बंदी आली ती योग्यच होती असं मी मानतो.

पण बंदी घातल्यावर माल काय करतो तेही बंदरात दिसतं. आपल्याकडे सवाष्णीच्या ओटीत खारीक असते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारकेची पूड असते. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात येणारी ही खारीक वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर सिंधमधल्या खैरपूरच्या बागांतून यायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर तिच्यावर २०० टक्के शुल्क बसलं. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं दुबईमार्गे आलेले, मूळ देश लपवलेले ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी. त्यातली खारकेची खेप न्हावाशेव्यातच सापडली. फाटक बंद झालं की माल नाव बदलतो, मधला दलाल गब्बर होतो, आणि तपास यंत्रणेचे लोक खारकेच्या गोण्या मोजत बसतात. जिथे देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे तिथे ही किंमत मोजलीच पाहिजे. म्हणूनच ते हत्यार तिथंच राखून ठेवावं. ज्या दारानं शत्रूला अडवायचं तेच दार शेजाऱ्याच्या शर्टावर आणि सुतळीवर आपटत राहिलं तर दोघांतला फरक आपण स्वतःच पुसतो, आणि ढाक्यात आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यांना आयता पुरावा देतो.

मुंबईपुरता एक मुद्दा तर अगदी रोखठोक आहे. डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं बंदर उभं राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं. तिथल्या मच्छीमारांचा आणि आदिवासींचा विरोध हा मोठा विषय आहे, त्यावर दोन ओळींत लिहिणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण बंदर कशासाठी, तर जगातली सर्वांत मोठी जहाजं थेट इथे लागावीत, आज कोलंबोत आणि सिंगापूरला उतरून चढणारा माल इथे चढावा. आपला माल तर येईल. शेजाऱ्यांचा? ज्या ढाक्याच्या निर्यातदाराची सवलत ८ एप्रिल २०२५ ला एका परिपत्रकानं गेली, तो आपले कंटेनर कोलंबोतून काढून आपल्या हवाली का करील? कोलंबोचं बंदर खोल आहे म्हणून चालतं तसं ते कुणालाच मधेच नाही म्हणत नाही म्हणूनही चालतं.

करायचं काय ते अवघड नाही. मालदीवच्या धर्तीवर बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि भूतानशी पाच-सहा जिनसांचे वार्षिक कोटे लिहून द्यावेत, आणि त्या बदल्यात आपल्या कांद्या-संत्र्यावरच्या त्यांच्या शुल्काला मर्यादा लिहून घ्यावी. बंदी घालायचीच झाली तर तीस दिवसांची सूचना द्यावी, आणि वाटेत असलेल्या मालाला ती लागू करू नये. नाके मालासाठी उघडे ठेवावेत, वाद असेल तो शुल्कानं सोडवावा. आणि कोटा ऑक्टोबरमध्ये जाहीर व्हावा. उन्हाळ कांद्याचं रोप त्या सुमारास टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागण होते आणि एप्रिलमध्ये कांदा चाळीत जातो. मेमध्ये निघालेला आदेश शेतकऱ्याच्या काहीही उपयोगाचा नसतो, तोवर त्याचा पैसा मातीत गेलेला असतो.

ज्यांचा कांदा त्या सहा कंटेनरमध्ये होता त्या निफाडच्या अण्णांचा अजूनही दसऱ्याच्या सुमारास फोन येतो. रामराम झाला की ते विचारतात, "साहेब, तुम्ही बंदरात असता. यंदा किती पायलीचं रोप टाकू?" मी त्यांना पावसाचं बोलतो, डिझेलचं बोलतो, कोलंबोचा भाव सांगतो. ते ऐकून घेतात आणि पुन्हा तेच विचारतात.